म्हातारपणाचा तास

दुपारी प्रात्यक्षिकाच्या खोलीतल्या पलंगावर मी आडवी होते, तेव्हाही माझं डोकं तापलेलंच आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना आज मी म्हातारपण दिलं होतं. बुटांत हरभरे, कानांत कापूस, चष्म्यांना व्हॅसलीन. म्हाताऱ्या पेशंटना काय होतं ते अंगावर कळावं, म्हणून. त्यांनी काय केलं? कमरेत वाकून रील काढले! प्राचार्य म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हा तास बंदच करू."

डोळे मिटतात न मिटतात, तोच रणपिसेबाई पायाशी उभ्या. मला शिरेत सुई घालायला त्यांनीच शिकवलेलं. गेल्या साली आमच्याच वॉर्डात वारल्या. चांगल्या चालत होत्या, तरी पोरींनी त्यांना डायपर लावला. सारखं संडासला कोण नेणार, म्हणून.

"बाई, त्या पोरींचा मला भयंकर राग येतो."

"मला तुझा येतोय. चष्मे कसले वाटतेस? मला स्वच्छ दिसत होतं. ऐकूही येत होतं. सगळं ऐकलंय मी."

पलंग आता बाईंच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्यावर चहा उतू जातोय आणि माझ्याभोवती गणवेशातल्या मुली.

"आजींना शू कळते का हो?" एक जण विचारते. मला नाही, बाईंना.

"अगं, मी तुझी मॅडम आहे!"

"बडबडतायत," दुसरी म्हणते आणि माझं पांघरूण ओढते. हात लावू नका, मी किंचाळते. आवाज चांगला खणखणीत निघतो. तो कोणाला ऐकायचाच नाही. संतापाने मला रडू फुटतं.

बाई गॅस बंद करतात. "हे दे पोरींना. एकेकीला झोपव आणि तिच्या देखत तिच्याबद्दल बोला. मग काढू देत रील."

"तास बंद होणार आहे, बाई."

"का? तू मेलीस का?"

जाग येते. पलंगाचा कठडा वर चढवलेला आहे. मी झोपले तेव्हा तो खाली होता. शेजारी आश्लेषा उभी, दुसऱ्या वर्षाचीच.

"पडाल म्हणून लावला, मॅडम. या वयात हाड मोडलं म्हणजे..."

"मला विचारलंस?"

"तुम्ही झोपेत बडबडत होता."

मी कठडा धाडकन खाली पाडते आणि उतरते.

"सगळ्यांना बोलाव," मी म्हणते. "आणि तू ये. झोप इथे."