आठ माईकचं मशीन

मला काकांचा आवाज रेकॉर्ड करायचा होता, दुसरं काही नाही. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. हर्सूलला त्यांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा जण भजनाला बसायचे अन् चाल काका उचलायचे. त्या चाली कुठं लिहिलेल्या नव्हत्या, त्यांच्या गळ्यातच होत्या.

छावणीतल्या माझ्या खोलीत दोन माईकचा ऑडिओ इंटरफेस होता, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारं मशीन. त्याच्यावर भागलं असतं. पण मला शहाणपण सुचलं. पेटी वेगळी, पखवाज वेगळा, टाळ वेगळे, सगळं स्वतंत्र पाहिजे, म्हणजे मागाहून निवांत जुळवता येईल. त्याला आठ माईकचं मशीन लागतं. मग कोणतं? सात-आठ महिने मी हेच करत बसलो. व्हिडिओ बघितले, कमेंटमधे अनोळखी लोकांशी भांडलो. क्रांती चौकातल्या दुकानदाराला इतकं पिळलं, की मी दिसलो की तो फोन कानाला लावायचा. माझ्याइतका गाढव शोधून सापडायचा नाही.

काका दर गुरुवारी विचारायचे, आलं का तुझं मशीन. एकदा म्हणाले, "अरे, मधी एक माईक ठेव अन् बस. लई काथ्याकूट करतो तू."

मी उलट त्यांनाच समजावलं, की एका माईकवर पेटी तुमच्या आवाजावर चढते, मग वेगळी काढता येत नाही. ते हसले. तुला कळतं बाबा त्यातलं, म्हणाले. त्यांचा तो विश्वास अजून टोचतो मला.

त्या पावसाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली अन् ऑपरेशनमधे स्वरयंत्रच काढावं लागलं. मशीन मी त्याच आठवड्यात घेतलं, पहिलं समोर आलं ते.

दिवाळीनंतर मंडळी माझ्याकडं जमली. काकाही आले. मी प्रत्येकापुढं माईक लावला अन् म्हटलं, करा सुरू. कुणी सुरूच करंना. पहिली ओळ इतकी वर्षं काकांची, बाकीच्यांनी ती झेलायची. त्यांच्या देखत ती उचलायला कुणाची जीभच रेटंना. शेवटी काकांनी टाळ घेतले अन् नुसते ओठ हलवून ओळ म्हटली. पेटीवाल्यांनी त्यांच्या ओठांकडं बघत दुसरी ओळ उचलली, मग सगळे गायले.

रेकॉर्डिंग लई स्वच्छ झालं. पहिल्या ओळीच्या जागी तेवढे टाळ आहेत. ती मागाहून कुणाकडून तरी गाऊन घेऊ, असं मी ठरवलं होतं. पण पेटीवाले ती एका चालीत म्हणतात, पखवाजवाले दुसऱ्या. दोघंही हटायला तयार नाहीत. परवा दोन्ही चाली घेऊन मी हर्सूलला गेलो अन् काकांना ऐकवल्या. त्यांनी दोन्ही शेवटपर्यंत ऐकल्या अन् दोन्हींना मानेनं नाही म्हटलं.