डाव्या कानातलं गाणं

आमचे हे पेन्शनवर घरी आले आणि दोन महिन्यांत मला त्यांचा संशय यायला लागला. आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा अजिबात वाटत नव्हती. तेवीस वर्षं तोफखान्यात होते, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे, तेव्हा मी डोळे मिटून विश्वास ठेवला. आणि आता माणूस रोज समोर बसून पोहे खातोय, तर माझ्या मनाला स्वस्थता नाही.

कारण होतं इअरफोन. दोन वायरी, पण कानात एकच, डाव्या. चहा पिताना, जेवताना, ओसरीवर बसताना. मी शाळेत दिवसभर चौथीच्या पोरांना ‘ऐकताय ना?’ विचारून घसा बसवून घ्यायची आणि घरी येऊन तेच नवऱ्याला विचारायची. हे नुसते मान हलवायचे.

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून वाईहून येताना मी परस्पर रानात गेले. हे उसाला पाणी देत होते. वायर गळ्यात लोंबत होती, कान मोकळे. मला लांबून पाहिलं मात्र, लगेच डाव्या कानात इअरफोनचं बोंडूक घातलं. म्हणजे मी नसताना नको आणि मी आले की हवं! त्या दिवशी मी भाकरी इतक्या जोरात थापल्या, की सासूबाईंनी विचारलं, शाळेत कुणी काय बोललं का म्हणून.

मग धुण्याच्या शर्टाच्या खिशात दोन गोष्टी सापडल्या. एक सांगलीच्या एसटीचं तिकीट. मला सांगून गेले होते, पेन्शनच्या कागदासाठी साताऱ्याला चाललोय. आणि दुसरी एक चिठ्ठी. तिच्यावर इंग्रजीत दोन-तीन शब्द, बहुधा कसलं तरी नाव. अक्षर गोलसर, आणि ‘आय’वर टिंबाच्या जागी बारीकसं वर्तुळ. वीस वर्षं वह्या तपासतेय मी. टिंबाच्या जागी वर्तुळ मुलीच काढतात.

धाकटी बहीण तिकडंच, सांगली जिल्ह्यात कुंडलला दिलेली आहे. मी परसदारी जाऊन हळू आवाजात तिला फोन लावला.

“दाजी सांगलीला आलं आन् माझ्याकडं चहालाबी न्हाई आलं?” ती म्हणाली. “आक्का, काय तरी हाय बघ. तू गप बसू नगंस.”

गप बसायचा माझा स्वभाव नाहीच. दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर वर्गात बसून ते नाव मी माझ्या फोनवर शोधलं. निघालं ते परदेशातल्या कुठल्याशा बँडचं नाव. मला वाटलं, प्रेमाचं काहीतरी असणार. गाणं लावलं. गिटारचा एकच सूर, खाली एकसारखा ढोल, विहिरीवरचं इंजिन चालू करून मालक जेवायला गेल्यासारखा. आता चाल बदलेल, आता कडवं येईल म्हणून मी वाट बघितली. पाच मिनिटांनी एक माणूस आडात तोंड घालून बोलल्यासारखा चार शब्द बोलला आणि गप झाला. पुन्हा तेच. अकरा मिनिटं! मला आधी वाटलं, फोनच अडकलाय.

ह्या प्रकाराला सायकेडेलिक रॉक म्हणतात, असं नेटवर कळलं. पुढे नशापाण्याविषयी बरंच काही लिहिलेलं. झालं! बाईचा संशय होताच, त्यात आता नशेची भर पडली. मी ह्यांच्या शर्टांचे वास घेतले. डोळ्यांत कचरा गेलाय का बघते म्हणून बाहुल्या तपासल्या. काही सापडेना, तेव्हा वाटलं, जे काय आहे ते त्या गाण्यातच आहे. रोज शाळा सुटली की वर्गाचं दार लोटून मी ते ऐकायला लागले. एका जुन्या वहीत मिनिटं मांडली. चौथ्या मिनिटाला पेटीसारखा एक सूर मागून हळूच आत येतो. सातव्याला ढोल किंचित मागे पडतो, की मलाच तसं वाटतं? खात्री करायला पुन्हा लावायचं. खात्री झाली नाही की पुन्हा. एकदा ह्या नादात गावाकडची एसटी चुकली आणि मला कळलं, पंधरा दिवस झाले, मी वहीत काही लिहिलेलंच नाही. नुसती ऐकत बसतेय. स्वतःचाच राग आला. चार माणसं तेच तेच वाजवतात आणि त्यात मी गुंतते, म्हणजे त्यांची काहीतरी लबाडी असणार. तरी दुसऱ्या दिवशी आणखी एक गाणं शोधलं, सतरा मिनिटांचं.

रविवारी दुपारी हे ओसरीवर शेंगा फोडत होते. कानात बोंडूक होतंच. मी तिकीट आणि चिठ्ठी सुपात टाकली.

“कोण हाय ही?”

ह्यांनी चिठ्ठी उचलली, उलटसुलट केली. “कानाच्या दवाखान्यातली पोरगी. मशीनवर कान तपासती.” मग चिठ्ठीची घडी घालत म्हणाले, “डाव्या कानात शिट्टी वाजती. कुकरची वाजती तशी. चौदा वर्सं झाली.”

तोफ डागताना दोन्ही कानांत कापूस घालायचा असतो. पण हुकूम ऐकू यावा म्हणून हे डावा कान उघडा ठेवत. कागदोपत्री तब्येत उतरली की बढती थांबते, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तपासणीत डॉक्टर पाठीमागे उभे राहून आकडे कुजबुजायचे, तेव्हा समोर दारात थांबलेला जोडीदार जवान गुपचूप बोटं दाखवायचा. हे ती बोटं बघून आकडे सांगायचे. अशी सगळी वर्षं निभावली.

“मला तरी सांगायचं.”

“लपवायची सवयच लागली गं. तिनं सांगितलं, कानात कसला तरी एकसारखा आवाज सोडा, म्हंजी शिट्टी झाकंल. आपली गाणी लावून बघितली. कडवं संपलं की गाणं जरा थांबतंय, आन् तेवढ्यात शिट्टी घुसती. मग तिनं ह्ये नाव लिहून दिलं. ह्ये थांबतच न्हाई.”

“शाळा सुटल्यावर रोज ऐकते मी. मला आवडायला लागलंय ते,” मी म्हणाले.

“ह्ये?” हे माझ्याकडे बघतच राहिले. “मला तर लय वैताग येतो. रानात एकटा असलो की काढून ठेवतो. शिट्टी वाजली तर वाजली. पर घरात तू बोलत असतीस. शिट्टी झाकली तर उजव्या कानानं तुझं नीट ऐकू येतंय.”

 मी विचारलं, “मग सगळं ऐकू येत होतं?”

“समदं.” ह्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “परसदारी भणीला फोनवर सांगत व्हतीस, त्येबी.”

इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी ह्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि शेंगा फोडायला लागले.