भंडारा उचलला, केस तशीच राहिली

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात. आमच्या वाडीतल्या शहाण्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं आणि त्यात माझ्या धाकट्या भावाचं वाटोळं झालं.

बांधावरून त्याची चुलत्याशी जुंपली होती. चुलत्याचा हात मोडला, भावाला पोलिसांनी धरून नेलं, दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. मग म्हातारी माणसं मध्ये पडली. खंडोबाच्या देवळात दोघांनी भंडारा उचलला, एकमेकांच्या कपाळाला लावला, सगळी भावकी एका पंगतीला जेवली. मिटलं! आमच्याकडं भंडारा उचलल्यावर त्या भांडणाचा विषयसुद्धा कुणी काढत नाही. मग कोर्टात जाऊन सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार?

भाऊ-वहिनी दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जात. त्यातूनच त्यानं गाडी शिकून घेतली, लायसन काढलं. मी नगरला दिलेली. माझ्या मालकांनी एमआयडीसीतल्या एका कंपनीत शब्द टाकला आणि कामगारांच्या बसवर ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणायचा होता. वहिनी तर नगरला खोली बघायला लागली.

दाखल्यासाठी गेलो तर पोलीस म्हणाला, "ह्याच्यावर वॉरंट हाय. फरार हाय ह्यो."

फरार! अहो, माझ्या शेजारी उभा होता की!

मी तिथंच मोबाईलवर कोर्टाची साइट उघडली. आमच्या आडनावाचे ढीगभर आरोपी निघाले; वडिलांच्या नावावरून त्याची केस सापडली. मग तालुक्याच्या कोर्टात नकलेसाठी अर्ज. कारकून कधी जेवायला गेलेला, कधी रजेवर. हेलपाटे मारून जीव मेटाकुटीला आला तेव्हा कुठं नक्कल मिळाली. समन्स घेऊन पोलीस दर वेळी ऐन तोडणीच्या दिवसांत आले होते आणि लिहून गेले होते, 'घरास कुलूप, आरोपी मिळून येत नाही.' अरे, अर्ध्या वाडीला कुलपं असतात तेव्हा! शेजारच्या म्हातारीला विचारलं असतं तरी तिनं कारखान्याचं नाव सांगितलं असतं. असा संताप आला की मला तिथंच रडू फुटलं.

चुलता म्हणतो कसा, "आगं पोरी, भंडारा उचलल्याला हाय, आता कसली केस?" त्याला अक्षरशः ओढत नेला. भाऊ हजर झाला, वॉरंट रद्द झालं, चुलत्यानं तडजोड झाल्याचं सांगितलं, केस निकाली निघाली. आई वाडीभर साखर वाटत फिरली.

निकालाची नक्कल घेऊन आम्ही कंपनीत पळालो. साहेबांनी ती वाचली आणि परत दिली. "उशीर झाला ताई. जागा भरली. आणि अटक झाली होती, हे तर खरंच ना?"

गेटबाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "जाऊ दे आक्का."

जाऊ दे कसलं! कुणाचा बळी गेला ह्यात? चुलता आपल्या घरी, पोलीस आपल्या घरी, साहेब आपल्या खुर्चीत. दसऱ्यानंतर वाडीत ट्रक आला. भावानं आधी वहिनीला वर चढवलं, मग पोराला उचलून दिलं, मग स्वतः चढला. मुकादमानं त्याला कसलाच दाखला मागितला नाही.