हारुकाचा वर गेलेला हात

विषय : कुमारी हारुका, वय सतरा, मुक्काम प्लेनो, टेक्सास, हिचा अन्यायाने कापलेला एक पॉइंट परत मिळण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावर आम्ही केलेला अर्ज, दिलेली स्मरणपत्रं आणि घातलेला थयथयाट.

जन्मभर जिल्हा परिषदेत कारकुनी केल्यामुळे माझा समज होता, किस्से साचतात ते सरकारी टेबलांवरच. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत आलो आणि कळलं, टेबल टेनिसच्या टेबलावर त्याहून जास्त साचतात. फायलींसारखेच. वरचा एक उचलावा, तर खालचे चार अंगावर येतात!

घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये संध्याकाळी आमचा क्लब भरतो. मी खेळत नाही, खुर्चीवर बसून मतं देतो. क्लब चालवतो मिलिंद, मूळचा नागपूरचा इंजिनिअर. दारात गाडी लावून "जयभीम काका, चला!" म्हणतो आणि मला घेऊन जातो. त्याची मुलगी इरा इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. हारुका ही इराची मैत्रीण, वडिलांच्या बदलीमुळे ओसाकाहून आलेली. सगळे मला काका म्हणतात हे ऐकून ती मला 'काका-सान' म्हणू लागली. सान म्हणजे आपलं 'साहेब'. नोकरीत असताना मला साहेब कोणी म्हटलं नव्हतं!

* * *

हारुका हॉलमध्ये शिरताना आधी हॉललाच वाकून नमस्कार करते. मग टेबल पुसते. खेळून झालं की चेंडू गोळा करते आणि पुन्हा पुसते. तिकडे शाळेपासून हीच शिस्त.

ती क्लबात नवीन होती तेव्हाची गोष्ट. शेजारी पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टवरचं टेनिस, चालतं. त्या कोर्टवरच्या एका बाईंची कॉफी सांडली. त्या हारुकाला म्हणाल्या, "स्वीटी, इकडे पण जरा पुसतेस?"

हारुका गेली, पुसलं, शिवाय वाकून नमस्कार केला!

माझा पारा चढला. मी म्हटलं, "मॅडम, ही प्लेअर आहे. क्लीनर नाही."

"ओह, सो सॉरी!" बाई म्हणाल्या. "मग क्लीनर कुठे आहे?"

* * *

आपले लोक तरी काय वेगळे? मिलिंदकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. एका काकूंनी हारुकाला इंग्रजीतून पण आपल्या सुरात विचारलं, "खेळतेस ते छान गं, पण मेन काय करतेस?"

"टेबल टेनिस."

"ते झालं. त्याच्याबरोबर?"

हारुकाने प्रामाणिकपणे विचार केला. "डबल्स," ती म्हणाली.

* * *

सेंटरचा सुपरवायझर डग. माणूस हसतमुख, त्यामुळे जास्त राग येतो. त्याने पिकलबॉलला हॉल दिला आणि आम्हाला हॉलचा कोपरा, तोही एसीच्या झोताखाली. हारुका सर्व्हिस करायची इराकडे आणि चेंडू निघायचा सोडा मशीनकडे.

मिलिंद म्हणाला, "डग, हा झोत बंद कर यार. चेंडू उडतोय."

डगने चेंडू हातात घेऊन तोलून पाहिला. "प्रॉब्लेम सापडला," तो म्हणाला. "जड चेंडू आणा ना!"

* * *

आता मूळ प्रकरण.

सेंटरची ज्युनियर टूर्नामेंट होती. जिंकणाऱ्या मुलीला राज्याच्या समर कॅम्पमध्ये जागा, तिथे मोठे कोच. हारुकाच्या वडिलांची वर्षअखेर परत बदली आहे, त्यामुळे तिला हा एकच चान्स. ओसाकात शाळेच्या पहिल्या टीममध्येही ती कधी आली नव्हती. "तिकडे सगळेच चांगले खेळतात, काका-सान," असं ती कसलीही तक्रार नसल्यासारखं सांगते.

फायनल हारुका विरुद्ध इरा. अंपायर डग, कारण इन्शुरन्सच्या नियमाप्रमाणे खुर्चीवर सेंटरचाच माणूस लागतो. खेळाचे नियम त्याला येतात का, हे इन्शुरन्सने विचारलेलं नाही.

शेवटचा गेम. हारुकाला जिंकायला एक पॉइंट हवा. तिने मारलेला चेंडू टेबलाच्या कडेला घासून खाली गेला. चेंडू चांगला, पॉइंट हारुकाचा, मॅच संपली! पण असा नशिबाचा पॉइंट मिळाला की समोरच्याची माफी म्हणून हात वर करायचा, ही या खेळातली रीत. हारुकाने हात वर केला, मान झुकवली.

डगने पॉइंट इराला दिला!

इरा ओरडली, "नो! दॅट वॉज गुड!"

"हनी," डग म्हणाला, "शी अॅडमिटेड इट."

हारुका चेंडू उचलून पुढच्या पॉइंटला उभी राहिली. अंपायरशी वाद घालायचा नाही, हीही तिकडचीच शिस्त. पुढचे दोन पॉइंट गेले, मॅच गेली, कॅम्पची जागा इराला गेली.

* * *

त्या रात्री मी चाळीस वर्षांचं कसब पणाला लावून अर्ज लिहिला. इराने जबाब जोडला : चेंडू कडेला लागला होता, मी जिंकलेले नाही, जागा हारुकाची आहे. मिलिंदने बाप म्हणून खाली सही केली. पॉटलकमधल्या काकूंनी त्याला फोन केला, "अरे, आपल्या पोरीची जागा कशाला घालवतोस?"

मिलिंद म्हणाला, "काकू, तिची नाहीच ती. घालवायची कशी?"

अर्ज गेला सेंटरच्या समितीकडे, आणि समितीने सगळ्यांना बोलावलं. समितीचा सचिव कोण? डग! ज्याच्या निर्णयाविरुद्ध अर्ज, तोच अर्ज वाचून दाखवतोय! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

अध्यक्षबाईंनी हारुकाला विचारलं, "तू हात वर केलास?"

"हो."

"का?"

"सॉरी वाटलं म्हणून."

डगने लिहून घेतलं : खेळाडूला चूक मान्य.

इराचा जबाब मात्र घेतला नाही. इरा या प्रकरणात हितसंबंधी आहे म्हणे! स्वतःचं नुकसान करून घेण्यात कसला आलाय हितसंबंध, हे मी विचारलं. अध्यक्षबाईंनी माझे आभार मानले.

* * *

मिलिंदने हारुकाला बजावलं, "निकाल लागेपर्यंत हात वर करायचा नाही. खिशात ठेव हवं तर." तिने मान डोलावली. पुढच्याच रॅलीत चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला आणि हात वर! मग या हातासाठी हारुकाने मिलिंदचीही माफी मागितली. वाकून.

* * *

गेल्या रविवारी क्लबची फ्रेंडली मॅच झाली. पुन्हा हारुका आणि इरा, खुर्चीवर पुन्हा डग. शेवटचा गेम, दोघी अगदी बरोबरीत.

इराने मारलेला चेंडू टेबलाच्या कडेला घासून गेला.

इराने आधी डगकडे पाहिलं. मग हात वर केला. चांगला सरळ, शेवटच्या खुर्चीवरून दिसेल असा.

डगने पॉइंट हारुकाला दिला.

पुढची सर्व्हिस हारुकाची होती. तिने टेबलावरचा घाम पुसला, चेंडू हवेत उडवला आणि अगदी व्यवस्थित, जाळीच्या मधोमध मारला.

डग माझ्याकडे वाकून म्हणाला, "तुमची हारुका आज जरा नर्व्हस दिसतेय."

कॅम्प येत्या सोमवारी सुरू होतो. अर्ज विचाराधीन आहे.