काकूंनी डोळे मिटले आणि मी रिमोट दाबला

आता कुठून सुरुवात करू? माझ्या हातून जे झालं ते ऐकून तुम्ही चहाचा कप खाली ठेवाल, एवढं मात्र नक्की.

बाजार खुला झाला आणि आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात रिमोटवाला व्हीसीआर आला. तेव्हापासून संगीत नाटकाबद्दल माझं ठाम मत झालं होतं. नाटक चांगलं, पण पदं फार. नायकाला निघायचं असतं, निघत नाही, गातो. गाऊन झालं की लोक वन्समोअर देतात, की बिचारा पुन्हा तिथंच! घरी कॅसेट लावली की ती कटकट नाही. बटण दाबायचं. नायक भराभर तोंड हलवतो आणि निघून जातो.

आमच्या मराठी मंडळाच्या एका प्रयोगाची अशी कॅसेट माझ्याकडे होती. त्यात जवळच्याच नल्लकुंट्याच्या सुमनकाकूंचे यजमान पेटीला होते. काका आदल्या वर्षी गेले. त्यांच्या वाजवण्याची दुसरी टेप कुठंच नव्हती. काकू घर बंद करून लेकीकडे नांदेडला राहायला निघाल्या. संध्याकाळी काचीगुडा स्टेशनावरून गाडी. म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा ते नाटक लाव की रे प्रकाश."

हे सगळं मला माहीत होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच माझी बाजू घेऊ नका.

मला वाटलं, काकूंना काकांना बघायचंय. आणि पेटीवाला बसतो रंगमंचापुढं, खाली. तो दिसतो एकदाच, शेवटी सगळे हात जोडून उभे राहतात तेव्हा. म्हणजे गाडीच्या वेळेआधी शेवट गाठायला हवा!

पहिलं पद सुरू झालं आणि काकूंनी डोळे मिटले. सामान बांधून दमल्या असतील बिचाऱ्या, पेंगतायत. मी बटण दाबलं. आवाज गेला, तशा काकू दचकून बघायला लागल्या.

"काय झालं रे?"

"काही नाही काकू, जरा पुढं नेलं."

"हौ का? बरं."

दुसरं पद. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा मी तत्पर. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना पदं."

"तुला गाडीची वेळ कळते का?"

तिसऱ्या पदाला काकूंनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. "नीट दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसायलंय की."

पाहुणी बाई. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचा रिमोट. बोलणार काय?

शेवटी काका आले. मागच्या रांगेत, अर्धेच. मी चित्र थांबवलं. "बघा काकू, आपले काका!"

काकू बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "फोटो हाय की रे घरी. मला यांची पेटी ऐकायची होती."

मी घाईघाईनं टेप मागं न्यायला लागलो आणि लाइट गेली. गेली ती आलीच नाही. कॅसेट द्यावी म्हटलं, तर विजेशिवाय ती यंत्रातून निघेना. पाठवून देतो म्हणालो, तर लेकीकडे व्हीसीआर नव्हता. दारात ऑटो येऊन उभी राहिली. त्या दिवसाची आठवण आली की अजून वाईट वाटतं हो.

"काकू, चुकलं माझं," मी जिन्यात म्हणालो.

"मनाला लावून घेऊ नको रे," काकू म्हणाल्या. "हे असते तर हसले असते. प्रयोगाहून घरी आले की सांगायचे, पेटीवर हात ठेवला की पहिल्या रांगेतला प्रकाश चहाला उठतो."