आठवा वार

कॉलेजात गेल्यावर मंडळं, क्लब असल्या भानगडीत पडू नये, आपण बरं नि आपला अभ्यास बरा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. परवा माझा नातूही तेच बोलत होता. मी म्हटलं, गाढवा, मी अशाच एका भानगडीत पडलो म्हणून मास्तर झालो. नाहीतर गावी केळशीला नारळ मोजत बसलो असतो.

रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजात मराठी शाळांचे मास्तर तयार होत. मी तिथे आलो तो वार लावून जेवण्याच्या भरवशावर. हल्ली हे समजावून सांगावं लागतं. गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकायला गावात आला की सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा त्याचा आठवडा भरायचा. माझे वडील भिक्षुकी करत, घरून काही येण्याजोगं नव्हतं. शिष्यवृत्ती वरच्या नंबरांना मिळे आणि माझा नंबर मधला. मला पाच वार लागले. मंगळवार आणि शनिवार मी चुरमुऱ्यांवर काढी.

त्या घरांनी मला जेवू घातलं, हे मी नाकारत नाही. पण त्या जेवणाची एक शिस्त होती. दुसरा भात मागायचा नाही. कुणी विचारलाच तर नको म्हणायचं. यजमानांच्या पोरांचे पाढे घ्यायचे आणि उठताना आपल्या जागेवर आपणच शेणगोळा फिरवायचा. गुरुवार एका बड्या वकिलांकडे होता. पाहुणे आले की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हा आमचा गुरुवार." पाहुणे हसत. मीही हसायचो, आणि त्याचा मला आजही राग येतो.

माझ्या वर्गातल्या चार मुलांनी बंदराच्या वाटेवर एक खोली घेतली होती. एका बागायतदाराची आंबे पिकवायला आढी घालायची खोली, हंगाम सोडून एरवी रिकामीच. संगमेश्वराकडचा एक कुणब्याचा मुलगा, जयगडचा एक मासे मारणाऱ्या खारव्याचा, आणखी दोघे. यांना गावात कुणी एकही वार दिला नसता, म्हणून त्यांनी आपल्या मंडळाचं नाव ठेवलं होतं 'आठवा वार'. पाळीपाळीनं रांधायचं आणि एका पंगतीत जेवायचं. जेवताना कुणी जात काढली तर त्या दिवसाची सगळी भांडी त्यानं घासायची, एवढाच नियम.

एका मंगळवारी मी भुकेनं वर्गात डुलक्या घेत होतो, तेव्हा संगमेश्वरवाल्यानं मला धरून तिथे नेलं. कुळथाचं पिठलं आणि भात. मी पानावरचा भात संपवला आणि बसून राहिलो. कुणी ऊठ म्हणेना.

"काय रे भटा, पोट भरलं?" संगमेश्वरवाल्यानं विचारलं.

"भात... आहे का अजून?"

"विचारतोस कुणाला? टोप तुझ्याच पुढं हाय!"

सगळे खो खो हसले. मी टोप ओढला आणि हवा तेवढा भात घेतला. मग सवयीनं शेण शोधायला उठलो, तर पुन्हा हशा पिकला. त्या दिवसापासून मी त्या मंडळाचा झालो.

रत्नागिरी ती केवढीशी! पुढच्या गुरुवारी वकिलांनी मला ओटीवरच थांबवलं.

"खारव्याच्या हातचं जेवतोस म्हणे?"

"हो."

"ते मंडळ सोड. मी शब्द टाकतो, तुझे सातही वार भरून देतो. नाही सोडलंस तर एकही राहणार नाही."

सात वार! दुसऱ्या कुणी नारळ फोडला असता. माझ्या तोंडून मात्र भलतंच निघालं. "माझं नाव काय, सांगता?"

दोन वर्षं त्यांच्याकडे जेवत होतो. त्यांना सांगता येईना. मी ओटीवरून खाली उतरलो.

आठवड्याच्या आत पाचही दारं बंद झाली. मंडळानं मात्र मला एकही दिवस उपाशी ठेवलं नाही. संगमेश्वराहून नाचणी आली, तांदूळ कमी पडला की पेज झाली. मी पाणी भरायचो, भांडी घासायचो आणि चौघांचं गणित पक्कं करून घ्यायचो. पण वकील गप्प बसणारे नव्हते. त्यांनी केळशीला निरोप धाडला आणि वडील बोटीनं येऊन थेट त्यांच्याकडे उतरले. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी ते आमच्या दारात उभे. मला गावी न्यायला आलेत हे मला दिसत होतं. नेलं असतं तर शिक्षण तिथेच संपलं असतं, कारण वडिलांचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती.

जयगडवाल्यानं चटकन आणखी एक पान मांडलं. "बसा काका."

वडील वहाणा काढून आत आले. मग म्हणाले, "मी जेवणार नाही हो. मला ते जमायचं नाही." आमची तोंडं उतरली. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि टोप उचलला. "वाढतो मात्र. मग आंघोळ करीन."

आणि ते वाढत सुटले. खारव्याला, कुणब्याला, सगळ्यांना, लग्नाच्या पंगतीत वाढतात तसं आग्रह करकरून. माझ्यापाशी आले तेव्हा माझा भात संपला होता. त्यांनी काही न विचारता दुसरा भात घातला, तिसराही घातला. तेही लहानपणी वार लावून शिकले होते, हे मला तेव्हा आठवलं.

हात धुऊन ते निघाले. मी भीत भीत विचारलं, "वकिलांना काय सांगणार?"

"सांगतो, पोराचे सगळे वार भरलेत. आता जागा नाही."