दादाची शुक्रवारची सीट

गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "सुमन, तुझे दादा गेले गं…" एवढंच बोलली आणि पुढे नुसतं रडणं. मी गिरणीवर दळणाच्या रांगेत उभी होते. मोठा भाऊ गेल्यावर बहिणीच्या मनात पहिलं काय यावं? माझ्या मनात आलं, उद्या शुक्रवार. उद्या तिसऱ्या सीटवर कोण बसणार? लाज वाटते सांगायला, पण आलं ते हेच. रडू नंतर आलं, रिक्षात बसल्यावर.

आमच्या यांच्या किडन्या गेल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातलं आमचं घर, आणि सेंटर अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्यावर, एका ट्रस्टचं. मशीन फुकट, पण मशीनपर्यंत पोचायचं कसं, ते कोणी फुकट देत नाही. आठवड्यातून तीनदा स्पेशल रिक्षा आम्हाला कुठून परवडणार? मी जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. म्हणजे शेअर रिक्षाच. जाताना एक वेळ ठीक, येताना मात्र यांचे पाय लटपटायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि समोरून येणारी प्रत्येक रिक्षा भरलेली.

अशोकदादाने तीस वर्षं त्याच एमआयडीसीत एका कंपनीच्या टाइम ऑफिसमध्ये काढली होती. कोणाची पाळी कधी सुटते, कुठल्या गेटवर किती वाजता रिक्षा लागतात, सगळं तोंडपाठ. रिटायर झाला तरी माणूस भोंग्यावरच जगायचा. आमचे हाल बघून तो सरळ सेंटरच्या मॅडमकडे गेला. म्हणाला, "मॅडम, तीनच्या पाळीचे लोक गेटवर उतरले की रिक्षा रिकाम्या परततात. तुमचे पेशंट तेव्हा सोडा ना." मॅडम आधी हसल्या. हा चार दिवस रोज जाऊन बसला, तेव्हा कुठे त्यांनी यांची पाळी अकरा ते तीन केली. बदलापूरच्या पुढच्या एका गावातून भोईर आजी यायच्या, सुनेला घेऊन. दुपारची एसटी चुकली की थेट संध्याकाळची. त्यांना दादाने सकाळच्या पहिल्या पाळीत घालून घेतलं. अकराला सुटल्या की बदलापूरला एसटी मिळते, हे त्यानेच स्टँडवर दोनदा जाऊन पाहिलं होतं. कोणी सांगितलं होतं का त्याला? कोणी नाही.

पण एवढा हुशार माणूस शुक्रवार विसरला! शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. पाळी नाही, कामगार नाहीत, स्टँडवर एखादीच रिक्षा, आणि तीही तीन सीट भरल्याशिवाय हलत नाही. पहिल्या शुक्रवारी आम्ही दोघं रिक्षात बसून होतो, तिसरं माणूस येईना. तासभर गेला. यांनी तिथेच ओकारी काढली. मी फोनवर दादाला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. त्याचं घर तिथून जवळच, तो घरातल्या लेंग्यावरच धावत आला, कपाळावर हात मारला. "सुमे, तीस वर्षं शुक्रवारी घरी बसलो गं. मला शुक्रवार दिसलाच नाही." आणि आमच्या शेजारी येऊन बसला. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, कुठं उतरणार?" दादा म्हणाला, "कुठंच नाही. मी भरतीचा. चल, मार किक."

तेव्हापासून दर शुक्रवारी हेच. अकराला भोईर आजींच्या रिक्षात भरती व्हायचा, स्टेशनला जाऊन परत यायचा. तीनला आमच्या रिक्षात. आजी म्हणायच्या, "मना या पोराचाच आधार हाय." पोरगा पासष्टीचा! मी चिडवायचे, "तुला घरी काम नाही का रे? वहिनी हाकलते वाटतं?" तर म्हणायचा, "शुक्रवारी माझी ड्युटी असते." मागच्या काही महिन्यांत रिक्षात चढताना धापा टाकायचा. मी म्हटलं, पोट कमी कर आधी. हसला. घाम पुसला…

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले, तेव्हा वहिनीने कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत सरकारी हॉस्पिटलचा केसपेपर. हृदयाची ओपीडी, दर शुक्रवारी. पहिल्या पानावर तपासणी, खाली पुढच्या शुक्रवारची तारीख. त्यापुढची पानं कोरी. वहिनी म्हणाली, "मी भांडले गं. म्हणाले, एक दिवस दाजींना तिथं ताटकळत ठेवू का?"

मला आधी रागच आला. अरे मला सांगायचंस की! मी कोणाच्याही हातापाया पडून त्या सीटवर बसवलं असतं. दवाखान्यात गेला असता तर वाचला असता का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी विचारलंही नाही फार. दमले आहे मी. माझ्या नवऱ्याला मशीनपर्यंत न्यायला माझा भाऊ स्वतःच्या डॉक्टरपर्यंत गेला नाही, हे घेऊन रोज कारखान्यात बसते आणि धागे कापते.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, आम्ही सेंटरला गेलोच. डायलिसिस दुखवटा पाळत नाही. परतताना पाऊण तास रिक्षात बसून राहिलो. हे मधल्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसले होते.

परवाच्या शुक्रवारी यांना मशीनवर लावलं आणि चहा आणायला बाहेर आले. स्टँडवर एकच रिक्षा. मागे भोईर आजी, डोकं सुनेच्या खांद्यावर. सून सारखी मोबाइलमध्ये वेळ बघत होती. रिक्षावाला बाहेर उभा राहून "स्टेशन, स्टेशन, एक सीट" ओरडत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तशीच जाऊन बसले. आजींनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि सुनेला म्हणाल्या, "जरा सर गो."

आमच्या वेळी, तीनला, कोण बसेल ते मला माहीत नव्हतं. आताही नाही.

रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "ताई, कुठं उतरणार?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. "मी भरतीची. चल."